टेबलावरचा छोटा स्टुडिओ: लहान वस्तूंचे सुंदर फोटो घरात कसे काढायचे

माझ्या आजोबांचं एक किल्लीचं मनगटी घड्याळ आहे. डायल पिवळसर पडलेली, काचेवर नऊच्या आकड्याजवळ बारीकसा ओरखडा. त्याचा एक चांगला फोटो आपल्याकडे असावा म्हणून एका संध्याकाळी टेबलापाशी बसलो आणि चाळीसेक फोटो काढले. प्रत्येकात काचेवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, खाली माझ्याच हातांची सावली, आणि डायल कुठेतरी मागे हरवलेली. मोबाइलच कमी पडतोय असं वाटून मित्राचा मोठा कॅमेरा आणला. पट्टा जागचा हलला नाही, उलट आणखी ठसठशीत आला.

दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ खिडकीजवळ नेलं, खोलीतले दिवे मालवले, काचेसमोर एक काळा पुठ्ठा धरला आणि पट्टा गायब झाला. ओरखडासुद्धा हवा तेवढाच दिसू लागला. तेव्हा कळलं की छोट्या वस्तूच्या फोटोत कॅमेऱ्याचा वाटा थोडा असतो. खरं काम उजेड करतो, आणि वस्तूच्या आजूबाजूला आपण काय ठेवलंय ते करतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत. नाणी, अंगठ्या, शिंपले, खेळण्यातल्या गाड्या, काचेच्या बाटल्या, काहीही घ्या. क्रम हाच ठेवा.

१. साहित्य आधी जमवा

मध्येच उठून कात्री शोधायला गेलात की मांडणीला धक्का लागतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून हे आधीच हाताशी ठेवा:

• कॅमेरा किंवा मोबाइल, ज्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा, ते आपल्या हाताने ठरवता येतं असा (मोबाइलमध्ये याला बहुधा प्रो मोड म्हणतात)
• तिपाई; मोबाइलसाठी पकड असलेली
• मान वळवता येणारा एक एलईडी टेबल लॅम्प
• ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर, आणि तो ताणून बसवायला पुठ्ठ्याची चौकट
• मॅट कार्डशीट: एक पांढरी, एक करडी, एक काळी
• वहीच्या पानाएवढे पांढरे आणि काळे पुठ्ठे, तीन-तीन
• हवेचा फुगा (ब्लोअर), मऊ ब्रश, मायक्रोफायबर कापड, सुती हातमोजे
• कपड्यांचे चिमटे, चिकटपट्टी, आणि वस्तू उभी धरायला थोडं मेण

दिवा घेताना खोक्यावर सीआरआय पाहा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. ९५ किंवा त्याहून जास्त असेल तर रंग खरे दिसतात. कमी असेल तर लाल आणि तपकिरी छटा मेल्यासारख्या येतात आणि त्या नंतर संगणकावर नीट होत नाहीत.

पांढऱ्या कापडाचे घडीचे तंबू मिळतात, ज्यांना लाइट टेंट म्हणतात. नवीन माणूस पहिली खरेदी बहुधा तीच करतो. मी सांगेन, थांबा. तंबूत उजेड चहूबाजूंनी सारखा येतो, सावली उरत नाही, आणि सावली गेली की वस्तूचा गोलवाही जातो. कॅटलॉगसाठी तसा फोटो चालतो. बघत राहावंसं वाटेल असा फोटो त्यातून क्वचितच निघतो.

२. जागा ठरवा आणि बाकीचे दिवे मालवा

टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढा, म्हणजे मागूनही दिवा लावता येईल. खिडकीचा उजेड वापरणार असाल तर थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा. दिव्यावर काम करणार असाल तर पडदे पूर्ण ओढून घ्या.

दोन्ही एकत्र वापरणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळा. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, तर पिवळसर घरगुती दिवा २७०० ते ३००० केल्विनचा. कॅमेरा यातल्या एकाशीच जुळवून घेऊ शकतो. मग वस्तूची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते, आणि आपण तासभर व्हाइट बॅलन्सशी (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायच्या रंगजुळणीशी) झगडत बसतो. छतावरचा दिवा बंद केला की प्रश्न तिथेच मिटतो.

रंगीत टेबलक्लॉथ काढून टाका. लाल कापडाची लाली चकचकीत वस्तूच्या पोटाखाली हमखास उमटते. तुमच्या शर्टाचंही तसंच, गडद आणि साधा घाला.

३. वस्तू स्वच्छ करा, मग पुन्हा एकदा करा

डोळ्याला स्वच्छ दिसणारी वस्तू जवळून काढलेल्या फोटोत स्वच्छ नसते. अंगठीएवढी वस्तू पडदाभर दिसते तेव्हा धुळीचा कण तांदळाएवढा होतो. आधी फुग्याने हवा मारा, मग ब्रश, आणि शेवटी कापड. हा क्रम उलटा केलात तर धूळ कापडाखाली घासली जाते आणि ओरखडे पडतात. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात. पुसल्यावर हातमोजे घातल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही.

जुनी नाणी मात्र घासू नका, कुठल्याही पावडरीने तर मुळीच नाही. वर्षानुवर्षांचा थर निघतो आणि नाण्याची संग्राह्य किंमत कायमची घटते. त्यांना फुगा आणि मऊ ब्रश पुरे.

४. पार्श्वभूमी

कार्डशीटचं एक टोक टेबलावर चिकटवा आणि दुसरं मागे एखाद्या खोक्यावर उंच टेका. मध्ये घडी न पडता सैल बाक आला पाहिजे, म्हणजे टेबल आणि भिंत यांच्यामधली रेघ दिसत नाही. वस्तू बाकापासून जमेल तेवढी पुढे ठेवा.

पांढऱ्याचा मोह सगळ्यांना असतो, पण सुरुवात करड्यावर करा. करड्यावर उजळ भाग आणि सावली दोन्ही दिसतात, त्यामुळे आपण उजेडाशी काय करतोय हे लगेच कळतं. लाकूड, दगड, कापड नंतर आणा. कापड घेतलंत तर विणीकडे लक्ष द्या. छोट्या वस्तूखाली जाड वीण दोरखंडासारखी दिसते आणि वस्तूचा आकारच खोटा वाटायला लागतो.

५. एकच दिवा लावा आणि तो फिरवून बघा

घाई करू नका असं ज्या पायरीबद्दल मी कळकळीने सांगेन ती ही.

उजेड मऊ की कडक, हे दिव्याच्या वॅटवर ठरत नाही. वस्तूच्या जागी बसून पाहिलं तर दिवा केवढा दिसेल, त्यावर ते ठरतं. सूर्य प्रचंड मोठा, पण इतका दूर की आकाशात टिकलीएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली धारदार. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावलीच्या कडा विरघळतात. टेबलावर आपल्याला हेच करायचंय. ट्रेसिंग पेपरची हातभर चौकट वस्तूच्या वीतभर अंतरावर उभी करा आणि तिच्या मागे दिवा लावा. अंगठीच्या दृष्टीने ते आभाळच. तीच चौकट दोन मीटर मागे नेलीत तर पुन्हा टिकली.

चौकट आणि दिवा यांच्यातही अंतर हवं. दिवा कागदाला चिकटवला तर कागदाच्या मधोमध एक तळपता ठिपका तेवढा पेटतो, आणि दिव्याचा आकार त्या ठिपक्याएवढाच राहतो. सगळा कागद सारखा उजळेपर्यंत दिवा मागे घ्या. हॅलोजन किंवा जुना तापणारा बल्ब असेल तर कागद पेटण्याचा खरा धोका आहे. तो वापरू नका.

आता दिवा कुठे लावायचा? टेबल म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. वस्तू मध्यभागी, कॅमेरा सहाच्या जागी. नवीन माणूस दिवाही सहापाशी, कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावतो, आणि वस्तू कागदातून कापून चिकटवल्यासारखी सपाट येते. मोबाइलचा फ्लॅश नेमकं हेच करतो, म्हणून तो या कामात कायम बंद.

एक शिंपला घ्या आणि कॅमेरा न हलवता पाच फोटो काढा: दिवा सहापाशी, आठपाशी, नऊपाशी, दहा-अकरापाशी आणि बारापाशी. पाचही शेजारी ठेवून बघा. सहाला शिंपल्यावरच्या खाचा दिसतच नाहीत. नऊला प्रत्येक खाचेची एक भिंत उजळते, दुसरी काळवंडते. अकराला कडेवर उजेडाची पातळ किनार येते आणि शिंपला मागच्या कागदापासून सुटून पुढे येतो. बाराला पुढची बाजू अंधारात जाते, पण पातळ कड आतून पेटल्यासारखी दिसते. या पाच फोटोंनी मला जे शिकवलं ते एरवी शिकायला वर्ष गेलं असतं. माझी नेहमीची जागा दहा आणि अकराच्या मधली, वस्तूपेक्षा थोडी वर.

अंतराचाही हिशेब लक्षात घ्या. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, तिप्पट झालं की नवव्या हिश्श्यावर. मोठ्या कागदामागच्या दिव्याला हे गणित जरा सैल लागू होतं, पण कल तोच. म्हणजे दिवा वस्तूच्या अगदी जवळ आणि कागद लांब मागे असेल तर पांढरी कार्डशीटसुद्धा गडद करडी दिसते. पार्श्वभूमी उजळ हवी तर दिवा मागे न्या, गडद हवी तर वस्तूजवळ आणा. कागद बदलायची गरज नाही.

६. पांढरा पुठ्ठा आणि काळा पुठ्ठा

दुसरा दिवा विकत घेण्याआधी पुठ्ठे वापरून बघा. दिव्याच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की उजेड परतून सावलीत शिरतो. जवळ आणा, सावली उजळते. दूर न्या, गडद होते. पुठ्ठा हलवताना डोळा कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठेवा, वस्तूवर नको. आपला डोळा सावलीतलंही सहज बघतो, कॅमेरा बघत नाही.

काळ्या पुठ्ठ्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही, आणि मला तो पांढऱ्याइतकाच मोलाचा वाटतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी वस्तू ठेवली की कडा कागदात मिसळून जातात. दोन्ही बाजूंना, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर, काळे पुठ्ठे उभे करा. कडांवर बारीक गडद रेघ येते आणि आकार परत हाती लागतो.

७. कॅमेरा कुठे आणि किती लांब

वस्तूच्या उंचीला उतरा. वरून खाली बघत काढलेली खेळण्यातली गाडी खेळणंच राहते. भिंग तिच्या चाकांच्या उंचीला आणलं की ती रस्त्यावर उभी राहते. सपाट वस्तूंना, म्हणजे नाण्यांना किंवा तिकिटांना, बरोबर वरून बघा. त्यात कॅमेरा जरासुद्धा तिरका नको, नाहीतर गोल नाणं अंडाकृती होतं.

मोबाइलवाल्यांची इथे हटकून फसगत होते. वस्तू मोठी दिसावी म्हणून मोबाइल अगदी जवळ नेला की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो. वर मोबाइलचीच सावली पडते. थोडं मागे सरका आणि मोबाइलमध्ये २ किंवा ३ पटीची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. काही मोबाइल जवळ गेल्यावर आपणहून मॅक्रोसाठी (अगदी जवळच्या फोटोसाठी) अतिरुंद लेन्सवर जातात. ती सोय सेटिंगमध्ये शोधून बंद करा.

मोठ्या कॅमेऱ्याला लगेच मॅक्रो लेन्स हवीच असं नाही. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या मिळतात, एक्स्टेन्शन ट्यूब. ५० मिमी लेन्सला २५ मिमीची नळी लावली की सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या भागावर) वस्तू तिच्या खऱ्या आकाराच्या निम्म्याने उमटते. नाण्यासाठी एवढं भरपूर झालं.

८. सेटिंग

आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १००, किंवा तुमच्या कॅमेऱ्यात जो सगळ्यात कमी असेल तो. अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ (हे भिंगातल्या छिद्राचं माप; आकडा मोठा तसं छिद्र लहान). शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, जो लागेल तो, एक सेकंदसुद्धा चालेल, कारण कॅमेरा तिपाईवर आहे आणि वस्तू कुठे पळून जात नाही. २ सेकंदांचा सेल्फ-टायमर लावा, बटण दाबताना बसणारा हिसका फोटोत येत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत स्थिरीकरणाची सोय तिपाईवर बंद ठेवलेली बरी. मोबाइलमध्ये अ‍ॅपर्चर बहुधा बदलता येत नाही, तिथे वस्तूवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा.

अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बंद केलं की सगळं फोकसमध्ये येईल, असा विचार मनात येतो. फोकसमधला भाग वाढतो खरा, पण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळंच थोडं मऊ पडतं. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची येत असेल तर एफ/८ ला फोकसची खोली जेमतेम १ मिलिमीटर असते. वस्तू दहाव्या हिश्श्याने येत असेल तर तीच साधारण ५ सेंटिमीटर होते. म्हणून फोटोची चौकट थोडी सैल ठेवून नंतर कापणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो मळकट करडा आला तर कॅमेऱ्यात बिघाड नाही. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. एक्स्पोजर +१ ते +१.७ वाढवा. काळ्यावर उलट, −१ पर्यंत उतरवा.

९. हट्टी वस्तू: धातू, काच आणि माझं घड्याळ

चकचकीत धातूच्या बाबतीत उजेड पाडण्याचा विचार सोडून द्या. चमचा, अंगठी, पट्ट्याचं बक्कल, हे सगळे वाकडेतिकडे आरसे आहेत. त्यांचा स्वतःचा असा रंग फोटोत फारसा येत नाही, समोर जे असतं तेच दिसतं. किरण ज्या कोनात आदळतो त्याच कोनात परततो. तेव्हा भिंगापासून निघून धातूवर आपटून नजर जिथे पोहोचते तिथे पांढरा कागद ठेवा. धातू रुपेरी होतो. मग त्या पांढऱ्याच्या शेजारी काळ्या पुठ्ठ्याची एक चिंचोळी पट्टी सरकवा. धातूवर काळी रेघ उमटते आणि तो धातू वाटायला लागतो. नुसता पांढरा ठेवलात तर अंगठी प्लास्टरची दिसते.

पारदर्शक काचेला दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत मागे उजळलेला ट्रेसिंग पेपर ठेवायचा, पण तो फोटोच्या चौकटीत दिसतो तेवढाच, बाजूंना काळोख. बाटलीच्या कडा बाजूचा काळोख ओढून घेतात आणि पांढऱ्यावर काळ्या रेघेने काढल्यासारखी बाटली दिसते. दुसऱ्या वाटेत हेच उलट: मागे काळा पुठ्ठा, आणि त्याच्या कडेबाहेरून चहूकडे उजेड. मग काळोखात कडाच तेवढ्या चमकतात. दोन्ही वाटांनी समोरून दिवा लावायचा नाही.

काच, वार्निश, प्लास्टिक यांवरची झळाळी भिंगापुढे लावलेला पोलरायझर फिल्टर फिरवून कमी होते. काचेवर सगळ्यात जास्त फरक सरळ समोरच्या नजरेपासून ५५ अंशांच्या आसपास, म्हणजे बऱ्याच तिरक्या नजरेतून, पडतो. उघड्या धातूवर तो चालत नाही.

घड्याळात काच आणि धातू दोन्ही एकत्र येतात. मी शेवटी असं केलं. घड्याळ मेणाच्या गोळीवर थोडं तिरकं टेकवलं. काचेत नजर आपटून जिथे जात होती, तिथे काळा पुठ्ठा धरला. काच दिसेनाशी झाली आणि डायलचा पिवळेपणा जसाच्या तसा समोर आला. ट्रेसिंग पेपरची चौकट दहापाशी, बाजूने, म्हणजे उजेड काट्यांना घासत जाईल आणि त्यांची छोटी सावली डायलवर पडेल. समोर चारपाशी पांढरी पट्टी, केसच्या कडेला रुपेरी रेघ यावी म्हणून. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. जाहिरातीत घड्याळं तशीच का असतात ते तेव्हा उमगलं, बाराखालचं नाव मोकळं राहतं. राहिला सेकंदकाटा. एक सेकंदाच्या शटरमध्ये तो पुसट होत होता, आणि या जुन्या घड्याळात किल्ली ओढूनही तो थांबत नाही. किल्ली संपायची वाट बघितली. रात्री थांबलं, तेव्हा काटे लावून फोटो काढला.

१०. फोकस एका फोटोत मावत नसेल तर

कॅमेरा न हलवता, फोकस पुढच्या टोकापासून मागे थोडा थोडा सरकवत दहा ते तीस फोटो काढा आणि संगणकावर एकत्र करा. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. फोटोशॉपमध्ये जमतं, हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर खास याचसाठी आहेत. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करा, ऑटोवर ठेवलंत तर दर फोटोचा रंग वेगळा येईल. सरकवताना टप्पे बारीक ठेवा. मधला एक टप्पा सुटला तर वस्तूवर धूसर पट्टा राहतो आणि तो भरून काढता येत नाही.

११. फोटो झाल्यावर, मांडणी मोडण्याआधी

मोठ्या पडद्यावर १०० टक्के आकारात बघा. धूळ, केसाचा तुकडा, कार्डशीटवरचा बोटाचा डाग, हे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दिसत नाही. आत्ता फुगा मारून पुन्हा फोटो काढायला एक मिनिट लागतं, नंतर एकेक कण पुसायला अर्धा तास. रंग खरे हवे असतील तर त्याच उजेडात करड्या कार्डाचा एक फोटो घेऊन ठेवा, संगणकावर त्यावरून व्हाइट बॅलन्स एका क्लिकवर बसतो.

आणि सगळ्या मांडणीचा एक फोटो मोबाइलने, थोडं लांबून. दिवा कुठे, कागद किती अंतरावर, पुठ्ठे कोणत्या बाजूला, सगळं त्यात आलं पाहिजे. अंतरं मोजपट्टीने मोजून त्याच फोटोखाली लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसरं घड्याळ समोर येईल तेव्हा तिथूनच सुरू करता येतं.